बिनधारेची सुरी

मी सुरी आहे, पण बोटं मागे घेऊ नका. माझ्या पात्यावरून खुशाल हात फिरवा, काही होणार नाही. मला धार नाही. टोक आहे तेवढं, आणि तेही लाकडासाठी. मी फेकायची सुरी. मला कांदा चिरता येत नाही, दोरी कापता येत नाही आणि खरं सांगायचं तर मला त्याची हौसही नाही. हातातून सुटायचं आणि समोरच्या ओंडक्यात जाऊन बसायचं, एवढंच मला आवडतं. या दोन्हींच्या मधे जो एवढासा वेळ असतो, तो माझा. त्याच्याबद्दलच तुमच्याशी बोलायचंय.

जन्मानं मी सुरी नव्हते. एका ट्रकच्या पोटाखालचा, स्प्रिंगचा पोलादी पाटा होते. आंबेनळी घाटात वर्षानुवर्षं खालीवर केलं. ट्रकमध्ये काय भरलंय ते मला कोण सांगणार? पण हिवाळ्यात वरून येताना स्ट्रॉबेरीचा गोड वास यायचा आणि ओझ्याखाली डुलता डुलता माझा डोळा लागायचा. मी मुळातच झोपाळू. असंच एका वळणावर मी मोडले. पोलादपूरला हायवेच्या कडेच्या गॅरेजवाल्यानं मला काढून टाकलं आणि तिथून मी नाथू लोहाराच्या भंगारात येऊन पडले.

तिथं मला शर्मिलानं उचललं.

शर्मिला महाडची. कॉलेजात असताना भाला फेकायची, चांगली मोठ्या स्पर्धांपर्यंत गेलेली. मग उजवा खांदा दुखावला तो कायमचाच. पुढे लग्न होऊन ती कापड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत आली. नवरा रितेश मुंबईला कंपनीत. तो यायचा शिमग्याला आणि गणपतीला. खांदा गेला तरी हाताची फेकायची ओढ काही जाईना. एकदा मोबाइलवर तिनं सुऱ्या फेकणारी माणसं पाहिली. ही फेक कोपरातून आणि मनगटातून होते, जवळून फेकली तर खांद्यावर जोर येत नाही, हे तिच्या लगेच ध्यानात आलं.

आधी तिनं मोबाइलवरूनच सुऱ्या मागवल्या होत्या. दिसायला झकास, मुठीला रंगीत दोरा गुंडाळलेला, पण अंगानं पत्र्यासारख्या हलक्या. लाकडाला लागायच्या आणि टणकन उडून परत यायच्या. एकीची तर मूठच निघाली. म्हणून ती नाथूकडे आली आणि कशी सुरी हवी ते त्याला सांगू लागली. वीतभरापेक्षा थोडी लांब. हाताला जड लागेल अशी. मूठ आणि पातं एकाच तुकड्याचं, वर लाकूड नको न् दोरा नको.

"धार किती काढू, ताई?" नाथूनं विचारलं.

"धार नकोच, नाथूमामा. टोक तेवढं काढा. मी पात्याला धरून फेकते."

"बिनधारेची सुरी?" नाथूनं हातोडा खाली ठेवला. "अवो, लोक हसतील मला. म्हणतील, नाथ्याला आता धार पन काडता येत नाय."

"सांगा त्यांना, गिऱ्हाईक येडं होतं."

नाथू हसला आणि भाता ओढू लागला. भट्टीतलं मला फारसं आठवत नाही. लाल झाले, ठोकून घेतलं, तेलात बुडाले. त्या एका पाट्याच्या आम्ही तीन बहिणी झालो. शर्मिलानं मला तिच्या बोटावर आडवं ठेवलं. मी जरा डुलले आणि मधोमध स्थिर राहिले. "हिचा तोल बघा," ती म्हणाली. आजवर माझी अशी स्तुती कुणी केली नव्हती. मी तिची झाले ती तिथंच.

वाडीच्या मागे एक माळ आहे. तिथं तिनं सावरीच्या खोडाची जाड चकती दोन मेढींवर उभी केली. सावरीचं लाकूड मऊ, आम्हाला झोंबत नाही. आदल्या दिवशी ती त्यावर पाणीही मारून ठेवायची. मागे मातीचा उंच बांध, म्हणजे चुकलेली सुरी पुढे कुठे जायला नको. फेकण्याआधी ती डावीउजवीकडे नीट बघायची, एखादं करडू भटकत आलं तर त्याला हाकलायची, मगच मला उचलायची. पात्याचं टोक चिमटीत, मूठ पुढे. हात कानाशी, आणि मग सोडायची. दाबून नाही, झटक्यानं नाही, हातातून घसरू द्यायची.

आता तो वेळ. कसा सांगू? मी अर्धी गिरकी घेते. आधी गवत दिसतं, मग पलीकडचा महाबळेश्वरचा निळा डोंगर उलटा लटकलेला दिसतो, मग आभाळ. वजन कुठेच नसतं. मी पूर्वी इतकी ओझी वाहिली, पण त्या गिरकीत मात्र मी कुणाचीच काही लागत नाही. ट्रकखाली डुलताना जे स्वप्न अर्धवट राहायचं, ते इथं पुरं होतं असं वाटतं. आणि मग ठप्प. ओंडक्यात टोक रुतलं की सगळं अंग थोडा वेळ थरथरत राहतं. ती थरथर मला फार आवडते.

शर्मिलालाही आवडायची. दिवसभर शेण, पाणी, चूल, गवत, आणि संध्याकाळचा हा एक तास तिचा. तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसायचा. खेळाडूचा.

घरात तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं, हेही सांगायला हवं. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. सासरे हैबती घरात होते, पण ते सुनेशी थेट बोलत नसत. रागावून नव्हे हो. सुनेसमोर सासऱ्यानं तोंड आवरून असावं, ही त्यांची जुनी रीत. बोलायचं असलं की ते म्हशीशी बोलायचे. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव चांदी. "चांदे, आज चाय जरा अगोड हाय गो," असं गोठ्याकडे तोंड करून म्हणायचे, आणि शर्मिला मुकाट्यानं साखर घालायची. लग्नाला पाच वर्षं झाली तरी हेच चाललेलं. रात्री फोनवर ती रितेशला म्हणायची, "तुमच्या घरात माझ्यापेक्षा म्हशीला मान आहे." हसून म्हणायची, पण मला कळायचं. तिला घरातल्या माणसाशी बोलायचं होतं.

आमच्याबद्दलही हैबतींनी चांदीलाच विचारलं होतं. "चांदे, या सुऱ्या कापत काय नायत, मंग हायत कशाला?" चांदीनं कान हलवला. भिंतीवरचा कोयता आणि चुलीजवळची विळी तर आम्हाला माणसांत धरतच नसत. मी त्यांच्याकडे लक्ष देत नसे. उन्हात पडल्या पडल्या झोपत असे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या झाडून सगळ्या लोखंडाची पूजा. हैबतींनी कोयता, कुऱ्हाड, विळे, पहार असं सगळं अंगणात मांडलं आणि धारेच्या दगडावर एकेकाला घासायला बसले. शर्मिला पाण्याला गेली होती. शेवटी त्यांनी आम्हा तिघींना उचललं, अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"देवीम्होरं बोथट पातं ठेवायचं? पोरीला धार काडता येत नाय. सांगनार कुनाला बिचारी?"

असं म्हणून त्यांनी मला दगडावर ठेवलं. किती मन लावून घासलं म्हणून सांगू! पाणी टाकून, सावकाश, दोन्ही बाजूंनी. मी ओरडत होते. आबा, नको, ती मला पात्याला धरते! पण माझं बोलणं तुम्हाला आज ऐकू येतंय, त्यांना तेव्हा कसं यावं? तिघींना धार लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि पूजा झाल्यावर फडक्यात गुंडाळून जागच्या जागी ठेवून दिलं. तोंडावर असं हसू, जणू पोरीला नवं लुगडं घेऊन ठेवलंय.

संध्याकाळी शर्मिला आम्हाला घेऊन माळावर निघाली. फडक्याला लागलेलं कुंकू तिनं पाहिलं, पण ते पूजेचं, म्हणून पुढे काही बघितलं नाही. हैबती हळूच मागून आले आणि माळाच्या कडेला उभे राहिले. ते पहिल्यांदाच बघायला आले होते. शर्मिलाची नजर ओंडक्यावर होती. मला एवढी भीती कधीच वाटली नव्हती. तिनं नेहमीसारखं मला पात्याला धरलं, चिमूट घट्ट केली, हात मागे नेला, आणि मी तिची दोन बोटं कापली.

तिनं हात झटकला. मी गवतात पडले. ती वाकून माझ्याकडे बघते न बघते तोच मागून आवाज आला.

"पोरी, धार नव्हती गो तुझ्या सुऱ्यांना. मी लावली. आता बग कशा घुसतात त्या!"

चांदी गोठ्यात होती. माळावर दुसरं कुणी नव्हतं. ते तिच्याशीच बोलले होते.

शर्मिलाचे डोळे भरून आले. दुखण्यानं की त्या बोलण्यानं, मला नाही सांगता येणार. तिनं बोटं ओढणीच्या टोकात घट्ट दाबून पुसली आणि म्हणाली, "छान लागलीय, आबा." मग डाव्या हातानं मला उचललं, उजव्यात मुठीकडून धरलं आणि चार पावलं मागे गेली. मुठीकडून फेकायचं तर पुरी गिरकी लागते, लांबून फेकावं लागतं, आणि सगळा जोर खांद्यातून येतो. तिनं फेकलं. मी ओंडक्यात बसले. हैबतींनी टाळी वाजवली. तिच्या ओढणीचं टोक लाल झालं होतं, ते त्यांना दिसलं नाही.

त्यानंतर ती माळावर गेली नाही. पात्याला धरणं शक्य नव्हतं, मुठीकडून फेकलं की रात्रभर खांदा ठणकायचा. नाथूकडे नेऊन धार घालवता आली असती, पण आबांनी दिलेली ती पहिली वस्तू होती. ती मोडायला तिचा हात धजेना. हैबती आता रोज दोन-चार वाक्यं थेट बोलू लागले होते. "जेवलीस का गो?" "ऊन हाय, डोक्यावर घे काय तरी." एवढंसंच. पण तेवढ्यासाठी तिनं आपला तास सोडला. बोटांवरच्या पट्टीबद्दल आबांनी विचारलं, तर म्हणाली विळी लागली.

मी स्वयंपाकघरात गेले. कांदा चिरला, मिरची चिरली, भोपळा फोडला. विळीसुद्धा माझं कौतुक करू लागली. मी झोपायचा प्रयत्न करायचे, पण स्वप्न पडेना. शर्मिलाही भाकरी थापता थापता मधेच थांबायची आणि दारातून माळाकडे बघायची. तिचा चेहरा पुन्हा चारचौघींसारखा झाला होता. मला फार वाईट वाटायचं.

भातकापणी झाली, झोडणी झाली, तरी सून माळावर जाईना, तेव्हा हैबतींना चैन पडेनासं झालं. "जात नायस का गो?" त्यांनी विचारलं. "काम असतं, आबा," ती म्हणाली. एक दिवस ती बाजाराला पोलादपूरला गेली असताना त्यांनी मला उचललं आणि स्वतःच माळावर नेलं. ओंडक्यासमोर उभे राहिले. ती कशी धरते ते आठवून त्यांनी मला पात्याला चिमटीत धरलं आणि हात वर नेला. एवढं राठ बोट, तरी मी त्यात उतरले.

ते तसेच उभे राहिले. बोटाकडे बघितलं, मग मुठीकडे, मग पुन्हा बोटाकडे. मग मला गवतात ठेवून खाली बसले.

"पोरीचा हात कापला मी," ते म्हणाले. "आन् वर टाळ्या पिटल्या."

घरी येऊन त्यांनी कानस काढली. आयुष्यभर त्या हातांनी धारच लावली होती. धार घालवायची कशी, हे हातांना ठाऊकच नव्हतं. पहिला हात मारला आणि थांबले. डोळे मिटून दुसरा मारला. आम्हा तिघींना दुपारभर घासत होते. मधूनमधून मला स्वतःच्या तळहातावर दाबून बघायचे, पुन्हा घासायचे. माझ्या अंगावर ओरखडेच ओरखडे उठले. एवढं सुख मला भट्टीतून बाहेर आल्यावरही झालं नव्हतं.

शर्मिला पिशवी घेऊन अंगणात आली. हैबतींनी सवयीनं गोठ्याकडे तोंड केलं. "चांदे, हिला..." मग वळले.

"मला सांगायचंस ना गो, पोरी."

"तुम्ही पहिल्यांदा बोललात, आबा. मग कसं सांगू?"

त्यांनी मला पात्याकडून तिच्या पुढे केलं. "धर. घट्ट धर." तिनं धरलं, अगदी वळ उठेपर्यंत आवळलं. काही झालं नाही. तेव्हा ती रडली, आणि ते उगीचच चांदीला वैरण टाकायला गेले.

आता थंडी पडलीय. मी पहिल्यासारखी देखणी राहिलेली नाही, पण मला आरशात थोडंच बघायचंय? संध्याकाळी तिघं-चौघं बघायला येतात. हैबती त्यांना ओंडक्याच्या जवळपास फिरकू देत नाहीत. ओंडक्यातून आम्हाला उपसून आणून देण्याचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलंय. काल रितेशनं फोनवर विचारलं, आबा कुठेत? शर्मिला म्हणाली, "माळावर, सुऱ्या गोळा करतायत." त्यानं पुन्हा विचारलं, "कोण, आबा?"

तुमच्याकडे एक मागणं आहे. कुणाच्या हातात बिनकामाची, बोथट वाटणारी वस्तू दिसली आणि माया दाटून आली, तर धारेचा दगड काढण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. थेट विचारा. बाकी माझं बरं चाललंय.

आता मला निरोप द्या. शर्मिलानं मला चिमटीत धरलंय, करडं हाकलून झालीत, हात कानाशी आलाय. डोंगर अजून सरळ उभा आहे. मागून आबा ओरडतायत, "सोड गो, पोरी, सोड आता!"