संघदीप गेला म्हणे

यवतमाळहून आलेल्या एसटीतून संघदीप दिग्रसच्या स्टँडवर उतरला, तेव्हा पानठेल्यावरच्या उत्तमसिंगचा पानाला चुना लावणारा हात तसाच थांबला. संघदीपच्या तोंडाकडे बघत तो हळूच म्हणाला, "तू तर गेला ना बे?"

मस्करी समजून संघदीप हसला. उत्तमसिंग मात्र हसला नाही. त्यानं आपला मोबाइल पुढं केला. त्यावर संघदीपचाच फोटो होता, हार घातलेला. खाली लिहिलं होतं, 'वऱ्हाडी गायक-गीतकार संघदीप यांचं कळंबजवळ अपघाती निधन.'

काल दुपारपासून तो यवतमाळला मित्राच्या स्टुडिओत नवं गाणं रेकॉर्ड करत होता. मध्येच वाजायला नको म्हणून फोन बंद केला आणि मग चालू करायचं विसरूनच गेला. आता त्याची बोटं बटण शोधत होती, पण सापडत नव्हतं. फोन खिशात कोंबून तो घराकडं पळत सुटला.

अंगणात बायका बसल्या होत्या. शेजारच्या विमलताई त्याला पाहून ताडकन उठल्या. आत भिंतीला टेकून कौसल्या, त्याची आई, बसली होती. ती रडत नव्हती. त्याच्याकडं ती परक्या माणसाकडं बघावं तशी बघत राहिली. तो जवळ बसला, तेव्हा तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"तुह्ये बाबा तुले आणाले गेले," ती म्हणाली. "कळंबच्या दवाखान्यात."

तेवढ्यात विमलताईंचा फोन वाजला. तिकडून त्याचे वडील देवराव बोलत होते. संघदीपनं फोन हातात घेतला.

"बाबा, मी बोलून राह्यलो. मी घरी हाओ."

मग देवरावांचा आवाज आला, "मंग हा कोण हाये? मी आता चादर वर करून पाह्यली. तू नाई, हे सांगाले फोन केला. पण याच्या खिशातल्या कार्डावर तुह्यं नाव हाये."

नंतर कळलं, तो लखन होता. पुसद रस्त्यावरच्या बंजारा तांड्यातला पोरगा, लग्नांत गाणारा. राळेगावचा कार्यक्रम करून परतताना गाडी उलटली. कार्डावर, बॅनरवर, माइकवर त्याचं नाव 'संघदीप दिग्रसकर' असंच असायचं, आणि तो संघदीपचीच गाणी म्हणायचा. बातमी लिहिणाऱ्यानं नाव शोधलं, फोटो सापडला, लावून दिला.

संघदीपनं लखनला कधी पाहिलं नव्हतं. संघदीप बुद्धविहारातल्या पेटीवर आपला आपण गाणं शिकला होता. मोठ्या कंपनीनं 'शब्द हिंदीत कर' म्हटल्यावर नाही म्हणाला, आणि खिडकीला गोधड्या लावून घरीच, नाहीतर मित्राकडं, रेकॉर्डिंग करू लागला. पाच-पन्नास माणसांसमोर गायलं तरी त्याला पुरत असे. आपलं नाव लावून कोणी मांडवामांडवांत गातंय, हे त्याला त्या दिवशी कळलं. राग यायला हवा होता. पण वडिलांनी चादर वर केली ती दुसऱ्याच्या पोरावरची, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

लखनच्या घरचे येईपर्यंत देवराव तिथंच बसून राहिले. "पोरगं एकटं कसं सोडू?" ते घरी आल्यावर म्हणाले.

'मी जिवंत आहे' असा छोटा व्हिडिओ संघदीपनं टाकला. खाली लोकांनी लिहिलं, प्रसिद्धीसाठी मेल्याचं नाटक केलं. त्यानं फोन उलटा ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेला.

लखनचे वडील फुलसिंग ओट्यावर बसले होते. संघदीपनं, "मीही गातो, भेटाले आलो," एवढंच सांगितलं. त्यांनी आत बोलावलं. लखनची आई रुक्माबाई खाटेवर पडून होती. उशाशी मोबाइल ठेवला होता आणि त्यात लखन गात होता :

*माय, तुह्या बोटाईले बोंडाचे काटे,*
*तरी माह्या गालावर हात मऊ वाटे.*

हे गाणं संघदीपनं कौसल्येवर लिहिलं होतं. कापूस वेचून आलेल्या आईचे हात, तिचं तेल लावणं, सगळं त्यात होतं.

"माह्या लेकानं माह्यावर बनवलं हे," रुक्माबाई म्हणाली. "बोटं पाह्य माह्ये." तिनं हात पुढं केले. बोटांच्या टोकांना बारीक ओरखडे होते.

दाराशी लखनची बायको संगीता उभी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं त्याला ओळखलं होतं.

तो निघाला, तशी ती रस्त्यापर्यंत आली.

"भाऊ, मले माहीत हाय गाणं कोणाचं हाय ते," ती म्हणाली. "मी त्याले किती खेप म्हटलं, काहून दुसऱ्याच्या नावानं गातो? तो म्हणे, माह्या नावानं कोणी बलावत नाई. पण मायजवळ मात्र गाणं स्वतःचंच सांगे. सासूले नका सांगू. जे बोलाचं ते मले बोला."

"मी काहीच नाई बोलत," संघदीप म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं कौसल्येला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. हात थांबले.

"ते माह्यं गाणं होतं," ती म्हणाली.

"हो, माय."

"आनं तू तिथं चूप बसला?"

"तिचेही हात तसेच हायेत. मी काय सांगू?"

तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा कौसल्येनं ती उलटली. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते तिनं लपवलंही नाही. मग तिनं विचारलं, "त्या पोराच्या मायनं काही खाल्लं का?"

"माहीत नाई. मी नाई विचारलं."

"मंग कायले गेलता?" ती म्हणाली. उरलेल्या भाकरी तिनं फडक्यात बांधल्या, वर ठेचा ठेवला आणि देवरावांना हाक मारली. चपला घालता घालता ती म्हणाली, "गाडी काढा. आपण दोघं जाऊन येऊ. गाण्याचं मी काही काढत नाई."