भनपुरीचा खोकला

टेप कापावी तर शर्मिष्ठानंच. रायपूरच्या त्या रेडिओ स्टेशनात तिच्या तोडीचं दुसरं कोणी नव्हतं. बोलणारा अडखळला, खाकरला, शिंकला की तेवढी टेप ब्लेडनं कापायची आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडून टाकायची. जोड कुठं आहे ते ऐकणाऱ्याच्या बापालाही कळत नसे. लोकगायकांचं खाकरणं, नाटकवाल्यांचं अडखळणं, सगळं तिनं कापलेलं. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि उठसूट पुढारी माइकसमोर येऊन बसू लागले, तेव्हा त्यांचे ढेकरसुद्धा हिनंच कापले. एका मेल्यानं कधी आभार मानले नाहीत.

“ऐकणाऱ्याच्या कानाले खडा नाही लागला पाहिजे, पोरी,” असं यशवंतराव सांगायचे. त्यांच्याच हाताखाली ती हे काम शिकली होती. आता ते रिटायर होऊन घरी बसले होते, पण त्यांचं वाक्य तिच्या बोटांत राहिलं होतं. रेकॉर्डिंग चालू असताना कोणी खोकलं तर तिचा अंगठा आपोआप मशीन बंद करायच्या बटणावर जायचा.

तर ही शर्मिष्ठा रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन रायपूरच्या कडेला भनपुरीला गेली. तिथं एका कारखान्याच्या चिमणीनं वस्तीचा जीव नकोसा केला होता. वाळत घातलेल्या लुगड्यांवर काजळी, भातावर काजळी, पोरांच्या नाकात काजळी. अर्ज करून लोकांचे हात दुखले, पण प्रदूषण खात्याचे साहेब काही फिरकले नाहीत. आता रेडिओवाले मागेच लागल्यावर साहेबांनी एवढं कबूल केलं, की आधी वस्तीचा कार्यक्रम ऐकतो, मग स्टुडिओत येऊन चिमणीची तपासणी करायची की नाही ते सांगतो.

वस्तीतली भीमाबाई मूळची गोंदियाकडची. नवरा हमालीला म्हणून इकडं आला, तो इथंच वारला, पाठोपाठ मुलगा आणि सूनही गेले. घरात उरली ती सहा वर्षांची नात, गोदू. त्या पोट्टीची छाती भात्यासारखी वाजायची.

“साहेब इथं येत नाही, अन् आमी गेलो तर चपराशी आत सोडत नाही,” भीमाबाई म्हणाली. “रेडिओ त त्याच्या घरात जाते न, दीदी? मंग आमाले तुमच्या मशीनमधून पाठवा.”

हे एवढं बोलायला तिला चारदा थांबावं लागलं. खोकल्यानं बाई दुमडून जायची. गोदूनं शाळेतली कविता म्हटली, तीही अर्ध्यात खोकल्यानं गिळली.

शर्मिष्ठा टेप घेऊन बसली ती जेवणसुद्धा विसरली. या बायांचा शब्द न् शब्द साहेबांना कळला पाहिजे, कोणी त्यांना हसता कामा नये, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं खोकला न् खोकला कापला. टेबलाखाली टेपच्या तुकड्यांचा ढीग झाला. सकाळी झाडूवालीनं तो उचलून जाळला.

कार्यक्रम मात्र काय झाला म्हणता! फोनवर फोन आले. गोदूची कविता तर घंटीसारखी खणखणीत. शर्मिष्ठा हवेतच होती.

पुढच्या आठवड्यात साहेब स्टुडिओत आले, माइकसमोर ऐसपैस बसले. कार्यक्रम थेट चालला होता.

“मैडम, मैंने पूरा प्रोग्राम सुना,” ते म्हणाले. “धुएँ से बीमार हैं, कहते हैं. पर एक भी आदमी खाँसा नहीं! वो बच्ची तो क्या बढ़िया बोलती है. ऐसे में जाँच किस बात की?”

शर्मिष्ठाच्या तोंडचं पाणी पळालं. अगं बाई, हे काय करून बसले मी!

“साहेब, खोकला मी कापला,” ती कशीबशी हिंदीत म्हणाली. “सगळे खोकत होते.”

“तो सुनवा दीजिए,” साहेब हसले.

ऐकवणार काय, कपाळ? जळून राख झालेलं? वेळ संपली, काचेपलीकडून खूण झाली आणि गाणं लागलं. तो विषय आता झाला, असं वरच्यांनी सांगून टाकलं.

तरी ती मशीन घेऊन भनपुरीला गेली. कोण लावणार होतं ते रेकॉर्डिंग? कोणीच नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण घरी बसवेना.

भीमाबाई खाटेवर पडून होती. अंगात बसायचं बळ उरलं नव्हतं. तिनं सगळं रेडिओवर ऐकलं होतं.

“काहून कापला, दीदी?” तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. “बोलाले का, बोलते कोणीबी. आमच्यापाशी त खोकलाच होता.”

“चुकलं माझं, मावशी.” शर्मिष्ठाला रडू आवरेना. “पुन्हा घेते. या वेळी एकही कापणार नाही. तुमची शपथ.”

भीमाबाईनं हातानंच गोदूला पुढं ढकललं. शर्मिष्ठानं मशीन चालू केलं. गोदू कविता म्हणायला लागली, दुसऱ्या ओळीला अडली आणि खोकू लागली. खोकता खोकता खाली बसली, डोळे पांढरे झाले, आजीनं पडल्यापडल्याच तिच्या पाठीवरून हात फिरवला. कितीतरी वेळानं पोरीला श्वास आला.

“आलं न सगळं?” भीमाबाईनं विचारलं.

शर्मिष्ठानं खाली पाहिलं. मशीन बंद होतं आणि तिचा अंगठा बटणावर होता.