घागरीवरचा शेप्या

आमच्या अंगणातल्या आंब्याला कोणी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. पाहुणे एक खायचे आणि दुसऱ्याला हात लावायचे नाहीत. गावरानी आंब्याच्या प्रत्येक झाडाची चव निराळी, आणि चवीवरूनच झाडाला नाव पडतं. कोणाचा साखऱ्या, कोणाचा खोबऱ्या. आमचा शेप्या, कारण त्याच्या रसाला शेपूच्या भाजीचा वास येतो. रसपोळी खायला बसावं आणि भाजीची आठवण यावी, असला आंबा.

माझे यजमान ईश्वरदास मात्र त्याच्यावर जीव टाकायचे. उमरेडला त्यांच्या आईच्या घरामागे या जातीचं झाड होतं. नागपुरात नंदनवनातला आमचा प्लॉट घेतला तेव्हा त्यांनी पायाही खोदायच्या आधी तिथली कोय आणून पुरली. घर मागून झालं, झाड आधी. मौद्याच्या वीज केंद्रातून ड्युटी करून आले की चहाच्या आधी झाडाखाली एक चक्कर ठरलेली. मी चिडवायची की मला तरी कधी एवढं पाहिलं का. एकदा मी वैतागून म्हटलं, हा आंबा माणूस खात नाही, तुम्हीच खा एकटे. ते हसत म्हणाले, "मग मी मेल्यावर माझ्या घागरीवर हाच ठेवजो. तिथं वाटेकरी नाही कोणी."

मागच्या थंडीत ते गेले. दोन दिवसांचा ताप, आणि गेले.

आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि तिच्यावर आंबा ठेवतात. त्याआधी घरात कोणी आंबा तोंडात घालत नाही. आधी त्यांचं, मग आपलं. यंदा ईश्वरदासांची पहिली घागर. मला देवधर्माचं फार वेड नाही, पण एवढी एक गोष्ट मला नीट करायची होती. घागरीवर त्यांच्याच झाडाचा शेप्या ठेवायचा. त्यांनी मागून ठेवलेलं तेवढंच होतं.

घरात मी आणि माझी मुलगी काजल. काजल घरून केक करून विकते. महाल भागातल्या एका बाईंकडे क्लास केला, ओव्हन घेतला, आणि आता तिचा फोन दिवसभर वाजत असतो. पण आंब्याचा केक तिला शिकवला मी, ओव्हन येण्याच्या कितीतरी आधी. एक वाटी रवा, अर्धी वाटी दही, वाटीभर रस, साखर आणि तूप. तासभर भिजवून ठेवायचं. कुकरची शिटी आणि रिंग काढायची, तळाशी मिठाचा थर द्यायचा, वर जाळी, जाळीवर तुपाचा हात लावलेला डबा. गॅस एकदम बारीक, आणि झाकण उघडून बघायची घाई नाही. गेल्या साली शेप्याच्या रसाचा पहिला केक मीच केला. कमाल अशी, की रसात नकोसा वाटणारा तो वास केकमध्ये गोड होऊन बसला. ईश्वरदासांनी कडेचा खरपूस तुकडा काढून घेतला आणि म्हणाले, बघ, माझ्या आंब्याला न्याय मिळाला. काजल तेव्हा बाजूलाच उभी होती. तिनं दोन तुकडे खाल्ले.

ते गेल्यापासून माझं नाक मेलं होतं. मलाही तोच ताप येऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, अशा तापानंतर होतं असं, येईल परत. फोडणीचा वास नाही, उदबत्तीचा नाही. त्यांचा स्वेटर मी कपाटातून काढून नाकाला लावायची तर नुसती लोकर. डॉक्टर सोडले तर हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, बाहेरचे म्हणाले असते बाईला दुःखानं वेड लागलं. फक्त काजलला सांगितलं होतं, एका दुपारी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला होता.

आमचं झाड घाईचं, चैत्रातच आंबा भरतो. यंदा वादळाची लक्षणं होती आणि माकडांच्या टोळ्या रोज छपरावर, म्हणून आम्ही दोघींनी झेल्यानं, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीनं, सगळं झाड उतरवून घेतलं. काजल झेला धरायची, मी खाली ओंजळीत घेऊन देठाचा चीक पुसायची. मागच्या खोलीत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरून अढी घातली, वर पोती टाकली. अढीतले आंबे रोज उलटेपालटे करावे लागतात, नाहीतर एक नासला की शेजारचाही नासतो. माझ्या गुडघ्यांना खाली बसणं होत नाही. काजल म्हणाली, तू राहू दे आई, मी बघून घेईन. मला इतकं भरून आलं की मी तिची दृष्टच काढली. बापाच्या आंब्याची काळजी घेणारी पोरगी, असं मी फोनवर माझ्या बहिणीला सांगितलंसुद्धा. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

अखाजीच्या आदल्या दिवशी शेजारच्या रुखमाबाईंच्या नातीचा वाढदिवस होता. केक आमच्या काजलकडचा. मी कौतुकानं जाऊन बसले. रुखमाबाईंनी बशी पुढे केली तेव्हा मी सांगितलं की केकमध्ये आंबा दिसतोय, आणि आमची घागर उद्या आहे, आज मला चालत नाही. काजलनं बाजारातून आंबा आणून केला असणार, असंच माझ्या मनात होतं. धंदा आहे तिचा, मी त्यात पडत नाही. रुखमाबाईंनी माझीही बशी स्वतःकडे ओढली, एक घास खाल्ला आणि मला विचारलं, "कामिनी, तुमच्या काजलनं यात शोप टाकली का वं? मस्त वास येऊन राहिला."

केकमध्ये बडीशेप कशाला टाकेल, असं म्हणत मी हसत बशीवर वाकले. आणि इतक्या महिन्यांनी माझ्या नाकात वास शिरला. शेपूचा, तुपात भाजलेल्या रव्यातून वर येणारा.

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. दिवाणखाना पोरांनी भरलेला, फुगे फुटताहेत, आणि माझ्या डोळ्यांत पाणी, कारण ईश्वरदास येऊन शेजारी बसल्यासारखं वाटलं. मग कळलं की मी कशाचा वास घेतेय. नंदनवनात काय, अख्ख्या नागपुरात असला आंबा दुसऱ्या कोणाच्या दारात मला माहीत नव्हता.

गुडघे दुखतात म्हणून काय झालं, घरी येऊन मी मागच्या खोलीत जमिनीवर बसले. पोती बाजूला केली, तणस उचलली. अढी भरलेली होती. पिवळे झालेले आंबे रांगेनं, एकही जागा रिकामी नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. पोरीवर असा संशय घेतला, लाज वाटायला पाहिजे मला. झाड उतरवताना खाली पडलेले चार आंबे उचलून तिनं केक केला असेल, एवढंच. मी एक आंबा उचलला, नुसता हातात धरायला म्हणून, आणि नाकाशी नेला.

गोड वास. नुसता गोड, चांगला, कोणालाही आवडेल असा.

दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग मी सगळी अढी उपसली. आकार तोच, रंग तोच, निवडून निवडून आणलेले गावरानी आंबे. त्यात शेप्या एकही नव्हता.

काजल डिलिव्हरी देऊन आली तेव्हा मी तिथेच तणसात बसले होते. तिनं आधी मला उठवायला हात दिला, मग आंबे पाहिले. खोटं नाही बोलली, एवढं म्हणावं लागेल. सुरुवातीला एकच केक केला होता, पिकलेला एक आंबा फुटला म्हणून. ज्यांनी नेला त्यांनी फोन केला, हा कसला वास, आम्हाला अजून पाहिजे. मग त्यांच्या ओळखीतल्यांनी मागितला. ती प्रत्येकाला सांगायची की हा माझ्या बाबांच्या झाडाचा आंबा आहे, आणि लोक वाखाणायचे, म्हणजे बाबांचंच नाव होत होतं, असं तिचं म्हणणं. अढीतून जेवढे काढले तेवढे बाजारातून आणून भरले. जास्त गोड बघून आणले. खरे शेप्ये संपले होते, शेवटचे चार एका केकमध्ये गेले होते आणि तो केक फ्रीजमध्ये होता.

मी विचारलं, उद्या मी घागरीवर हा आंबा ठेवला असता, हात जोडले असते, तुम्ही मागितलेला हाच, असं म्हटलं असतं, आणि तू बाजूला उभी राहून बघितलं असतं?

तिनं पायाच्या अंगठ्यानं तणस ढकलली.

"तुले तर वासच येत नव्हता ना आई," ती म्हणाली. "तुले समजलंच नसतं. तू खुश राहिली असती."

इतका वेळ मला राग होता, तो त्या वाक्यानं निघून गेला आणि नुसतं रिकामं वाटलं. आंबे गेले, ते एक वेळ मी गिळलं असतं. तिनं मागितले असते तर चार ठेवून बाकीचे मीच कापून दिले असते, कुकरही चढवून दिला असता. पण मी आपल्या माणसांत एकटीलाच सांगितलेलं माझं दुखणं होतं, आणि ते तिनं हिशेबात धरलं होतं. माझ्याच हातून मला त्यांच्याशी खोटं बोलायला लावणार होती, तेही मला बरं वाटावं म्हणून. भिंतीचा आधार घेऊन एकटीच उठले.

अखाजीच्या सकाळी माझे दीर मनोहरराव पाणी सोडायला आले. कुरडया तळल्या, वडे झाले, पुरण झालं. अंगणात झाडाखाली पाट मांडला, घागर भरली, दोरा गुंडाळला. काजल नवीन साडी नेसून, डोळे सुजलेले, मागे मागे फिरत होती. मनोहरराव म्हणाले, वहिनी, आंबा आणा, घागरीवर ठेवायचा आहे.

मी आत गेले आणि फ्रीज उघडला. खोका बांधून तयार होता, वर गुलाबी फीत. मी फीत काढली. काजल धावत आली. दुपारी गिऱ्हाईक न्यायला येणार, आधीच कबूल केलेला आहे, असं ती हळू आवाजात सांगत राहिली, दिरांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"आर्डरचा आहे वं तो, आई."

"त्याहिची आर्डर आधीची आहे," मी म्हटलं.

घागरीच्या तोंडावर ताटली ठेवली आणि ताटलीत तो केक. मनोहररावांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मी त्यांना म्हटलं, भाऊजी, तुमच्या भावाचा आंबा यातच आहे, दुसरीकडे कुठे उरला नाही. त्यांनी तांब्या उचलून पाणी सोडलं. मी हात जोडले. डोळे मिटले तरी शेपूचा वास येत होता. मी मनात म्हटलं, उशीर झाला, आणि ज्या रूपात राहिला त्या रूपात आणला, पण खोटा आणला नाही.

मग पंगत. दिरांना केकचा तुकडा वाढला, रुखमाबाईंना पलीकडे पाठवला, कडेचा खरपूस तुकडा माझ्या ताटात घेतला. काजलनं ताट पुढे केलं. काल रात्रीपासून ती जेवली नव्हती, हे मला माहीत होतं. आई आहे मी, मला ते दिसत होतं.

मी आतून अढीतला एक आंबा आणला, पिवळाधमक, तिनं निवडून आणलेला, आणि तिच्या ताटात ठेवला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून तो सोलायला लागली.