पानगळीचा धडा

"ते पोतं होय?" उर्कुया शाळेच्या चुलीतली राख ओढत म्हणाली, "ते मघाशीच चुलीत गेलं, मास्तर. पण असलं जळण तुम्हाला कुणी गळ्यात मारलं? भुर्रकन पेटतं, भुर्रकन विझतं. चहाला उकळीसुद्धा फुटली नाही. शेवटी याकचं शेणच घातलं."

तोक्तोसून मास्तर चुलीपुढच्या स्टुलावर हळूच बसले. ओरडायला हवं होतं. पण इतक्या उंचीवर ओरडलं की धाप लागते, आणि धाप लागण्याइतका राग आता त्यांच्यात शिल्लक नव्हता.

पोत्यात चिनाराची पानं होती. मास्तरांच्या सांगण्यावरून शेराली ड्रायव्हरनं ती खालच्या खोऱ्यातून ट्रकमधून आणली होती, आणि वाटेतल्या प्रत्येक चौकीवर पोतं उपसून दाखवताना शिपायांचा संशय वाढतच गेला होता. पामीरच्या पठारावर वाळकी पानं कोणता शहाणा नेतो? पण सरकारी पुस्तकात लिहिलं होतं, की प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या अंगणातली गळालेली पानं आणावीत, रंगांप्रमाणे मांडावीत आणि त्यांची माळ करावी. सगळ्या देशात, एकाच आठवड्यात. मास्तरांच्या गावात अंगणं हवी तेवढी होती. झाड एकही नव्हतं. इथं गुडघ्याच्या वर वाढायची हिंमत झुडपंही करत नाहीत. एखाद्यानं केलीच, तर ते याकच्या पोटात जातं, नाहीतर माणसाच्या चुलीत.

मास्तरांच्या नोकरीत पुस्तक कितीदा तरी बदललं. मुखपृष्ठावरचा झेंडा बदलला, गणितातले ट्रॅक्टर जाऊन दुकानं आली. पानांचा धडा मात्र जागचा हलला नाही. दरवर्षी मास्तर 'धडा झाला' असं लिहून मोकळे व्हायचे आणि त्या तासाला मुलांना मेंढीचं दुखणं कसं ओळखायचं ते सांगायचे. यंदा शिक्षणखात्याचे दिलोवर साहेब तपासणीला आले होते. धडा पुस्तकाबरहुकूम झाला नाही तर शाळेला कुलूप, आणि मुलं दूर जिल्ह्याच्या वसतिगृहात. त्या मुलांत मास्तरांची नात जिपाराही होती. तिचे आईबाप मॉस्कोत बांधकामावर. घरात आजोबा आणि नात, दोघंच.

बरं, उर्कुयाचं तरी काय चुकलं? शाळेची चूल तिच्या ताब्यात. दारात पाहुणा आलेला, त्याच्यापुढं कोमट चहा ठेवला असता तर गावानं तिला जन्मभर ऐकवलं असतं. आणि इथं वाळलेली वस्तू दिसली की ती काय आहे असं कुणी विचारत नाही, कुणाची आहे एवढंच विचारतात. पोतं शाळेचं होतं, चूलही शाळेची.

दिलोवर साहेब शेजारच्या खोलीत डोक्याला रुमाल बांधून आडवे झाले होते. उंचीवरची विरळ हवा त्यांना बाधली होती. पाहुण्याचा मान म्हणून समोर मेंढीचं उकडलेलं डोकं मांडलेलं. मेंढीनं एकदा साहेबांकडं पाहिलं आणि साहेबांनी डोळे मिटून घेतले. मास्तरांनी चहा ओतता ओतता भीतभीत विषय काढला, की प्रत्येक मुलखाचं आपापलं एखादं पान पुस्तकात असलं तर काय बिघडेल?

साहेब कोपरावर उठले. "गुरुजी, आमच्या गावचे मास्तर मनाला येईल ते शिकवायचे. आणि त्यांच्या मनाला काय यायचं? कापूस. आम्ही अख्खी शाळा त्यांच्या मेहुण्याचा कापूस वेचत होतो. राजधानीत परीक्षेला बसलो, तर प्रश्न वाचूनच घाम फुटला. म्हणून म्हणतो, सगळ्यांना एकच पुस्तक. तुमच्या नातीनं काय जन्मभर शेणच थापायचं?"

जिपारानं कधीतरी त्याच परीक्षेला बसावं, असं मास्तरांनाही वाटत होतं.

वर्गात साहेब मागच्या बाकावर कपाळ धरून बसले. पानं कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. वापरून संपली, असं मास्तर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मग तोंडीच विचारू, म्हणत साहेबांनी बोट केलं ते नेमकं जिपाराकडं.

"सांग बघू, शरद ऋतूत पानांचं काय होतं?"

जिपारा उभी राहिली. "जळतात. पिवळी आधी, तांबडी नंतर. पण चहा होत नाही त्यांच्यावर."

कुणी हसलं नाही. सकाळी सगळी पोरं चुलीभोवतीच शेकत होती, त्यांनी माना डोलावल्या. मास्तर हरखले. या धड्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघून दिलेलं उत्तर त्यांनी आजवर ऐकलंच नव्हतं. पोरीनं रंगसुद्धा वेगळे केले होते. तेवढ्यात त्यांना साहेबांचं पेन कागदावर थांबलेलं दिसलं.

"बाळ," साहेब हळूच म्हणाले, "पुस्तकात काय लिहिलंय?" आणि रुमाल डोक्याला बांधलेला असताना तो खिशात शोधायला त्यांनी मान खाली घातली. बराच वेळ शोधला.

मास्तरांनी फळ्याजवळून नुसते ओठ हलवले.

"पिवळी होतात," जिपारा आजोबांच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "मग गळून पडतात."

"शाबास," साहेब म्हणाले. पेन चाललं.

जीप धुळीत दिसेनाशी झाली. शाळा या वर्षापुरती वाचली होती. उर्कुयानं उरलेलं मटण घरोघर वाटायला नेलं. मास्तर रिकाम्या वर्गात फळा पुसत होते. जिपारा पुस्तक उघडून बाकावर बसली होती. त्यातलं झाड तिच्या अंगठ्याएवढं होतं.

"आजोबा, गळून पडतात म्हणजे किती उंचावरून?"

मास्तरांनी हात वर केला. मग विचार करून बाकावर चढले, धाप आवरली आणि पुन्हा हात वर केला. बोटं छताला टेकली.

"याच्याही वरून," ते म्हणाले.

जिपारा मान वर करून छताकडं बघत राहिली. मास्तरांना हात खाली घ्यायचं सुचलं नाही.