सदतिसाव्या अंकाचा शेवट

पोस्टमननं पाकीट काउंटरवर टाकलं तेव्हा दुकानात पोरींची झुंबड होती. वर क्लास, खाली आमचं झेरॉक्सचं दुकान. राजारामपुरीत सातव्या गल्लीत दिवसभर केमिस्ट्रीच्या नोट्स काढत उभं राहायचं, हे माझं काम. पाकिटावर नाव होतं मधुवंती. ते माझं नाव नाही. माझं नाव पवित्रा. सात वर्षं ते मी फक्त नवऱ्याच्या तोंडून ऐकत होते, तेही दार लावल्यावर.

पाकिटात एक मासिक होतं आणि एक कॉमिक. 'वज्रपंचक', अंक सदतीस. चौदा वर्षांनी पुन्हा छापलेला. मासिकवाल्यांनी वाचकांना सांगितलं होतं, जुन्या अंकांतला काळजात बसलेला एक निवडा आणि आज तो कसा वाटतो ते लिहा. छापलं तर तोच अंक बक्षीस. दुसऱ्यांनी लिहिलेलं मशीनखाली घालून घालून मला वीट आला होता. म्हणून लिहिलं. अंक माझ्याकडं नव्हता. आठवणीवर लिहिलं. तिथंच घाण झाली.

वज्रपंचक म्हणजे पाच जणांची टोळी. म्होरक्या पोलाद, छाताड ट्रकच्या बॉनेटएवढं. मग तिघं तसेच बलदंड. पाचवी सावली. तिला ताकद अशी काही नाही, ती फटीतून आत शिरते, एवढंच. सदतिसाव्या अंकात शहराखाली आगीची भट्टी फुटते आणि तिचं लोखंडी दार फक्त आतूनच लावता येतं. चौघं पैलवान बाहेर उभे राहतात आणि आत पाठवतात सावलीला. लहानपणी मला ते शौर्य वाटलं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी मी लिहिलं की हा निव्वळ भेकडपणा आहे. ज्याचं घरात वजन नाही त्याला आगीत ढकलायचं आणि मग त्याच्या फोटोला हार घालायचा, हे आपल्याकडं घरोघर चालतं. शेवटाबद्दल लिहिलं, की दार मिटता मिटता पोलाद मधे हात घालतो, मनगटाचा चुरा होतो, पण सावलीला ओढून काढतो. त्या एका हातापायी मी बाकीच्यांना माफ केलं, असं लिहून खाली टिंब दिलं.

मासिकात सगळं जसंच्या तसं आलं होतं. त्याखाली संपादकांची चौकट होती. 'लेखिकेला शेवट चुकीचा आठवतो. मूळ अंकात सावली परत येत नाही. पण त्यांचा शेवट आम्हाला आवडला, म्हणून तसाच ठेवला आहे.' आणि त्याच्याखाली पत्ता. वाचकांनी एकमेकांना पत्रं पाठवावीत म्हणून पोरांच्या मासिकात छापतात तसा, पूर्ण. दुकानाच्या नावासकट, फोन नंबरासकट.

मी कॉमिकचं शेवटचं पान उघडलं. दार बंद. चौघं माना खाली घालून उभे. हात कुणीच घातलेला नाही.

"ओ ताई, दोन्ही बाजूनं काढा म्हटलं तर एकाच बाजूनं काय काढताय?" एक पोरगी ओरडत होती. मला ऐकू येत होतं, पण हात हलत नव्हता.

कारण आता मला आठवलं, तो हात कुठनं आला.

आमचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेला लागून. घरात कानडी, शाळेत मराठी. आमच्याकडं आलेला अंक रद्दीतला होता आणि त्याचं शेवटचं पान गायब होतं. माझा धाकटा भाऊ श्रीशैल तेव्हा आठ वर्षांचा. मी त्याला तम्मा म्हणायची. धाकट्या भावाला आमच्यात तसंच म्हणतात. सावली जगली का मेली ते कळेना, म्हणून तम्मानं दोन दिवस जेवण सोडलं. शेवटी आमची अव्वा, म्हणजे आई, वैतागली, "काय बी सांग त्येला, पण चार घास जाऊंदेत पोटात." मी कॅलेंडरच्या पाठीमागं पेननं शेवटचं पान काढलं. त्या दारात पोलादचा हात मी घातला. तम्मानं ते पान इतक्यांदा वाचून घेतलं की माझ्या डोक्यात तेच छापील होऊन बसलं.

म्हणजे हा शेवट साऱ्या जगात दोनच डोक्यांत होता. माझ्या आणि तम्माच्या.

आता तम्मानं काय केलं होतं ते सांगते. सत्याण्णव साली मी कृष्णातशी लग्न केलं. कृष्णात टर्नर, लेथवर हात बसलेला माणूस, पण त्याचा बाप चपला शिवायचा. आमच्या लिंगायत घराला तेवढं पुरलं. आम्ही इचलकरंजीत खोली घेऊन लपलो. मला राहवलं नाही, मी तम्माला एक पत्र लिहिलं. चौथ्या महिन्यात दोडप्पा, म्हणजे माझा थोरला चुलता, चार माणसं घेऊन आला. सगळ्यांच्या पुढं तम्मा होता, पंधरा वर्षांचा. त्यानं बोट केलं, "हेच दार." मी खिडकीतून बघितलं. त्या दिवशी कृष्णातचा डावा कान कायमचा गेला. शेजारच्या यंत्रमागावरचे कामगार धावले म्हणून बाकीचा कृष्णात वाचला. जाताना दोडप्पा म्हणाला, "परत घावलीस की दोघांचं एकदमच."

त्याच्यानंतर मी मधुवंती झाले.

दुपारी डबा खायला कृष्णात उद्यमनगरातल्या कारखान्यातून दुकानावर आला. मी मासिक त्याच्यापुढं धरलं. त्यानं वाचलं, भाकरीचा घास तसाच हातात.

"माझा कान गेला, तुझी अक्कल गेली," तो म्हणाला. "पत्ता द्यायला कुणी सांगिटलं हुतं?"

"बक्षीस कुठं पाठवणार मग?"

"बक्षीस! आता येतंय बघ बक्षीस, मोटरसायकलवर बसून."

मला हसू आलं आणि ते थांबेना. मग त्यानं भाकरी खाली ठेवली. "पवे, गप. पोराटकी पुस्तकं ती, कोण वाचतंय? पण मी सांगलीत काम बघतो. मिळालं की हलायचं. तवर वाकड्या वाटेनं घरी येत जा."

आमची खोली बाराव्या गल्लीत. पाच गल्ल्यांचं अंतर, पण मी जनता बाजाराला वळसा घालून जायला लागले. मागं मोटरसायकल वाजली की कुठल्यातरी दुकानात शिरायचं, नको ती साडी उलगडून बघायची. पर्समध्ये मी कागद कापायचं पातं ठेवलं. ते कसं धरायचं हेही मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुकानातला फोन वाजला. गुरुप्रसाद मालकांनी रिसिव्हर पुढं केला, "मधुवंती, तुझा."

मी हॅलो म्हटलं. पलीकडं नुसता श्वास. त्याच्यामागं लांबवर पोरं एका सुरात पाढे म्हणत होती. मग खट्ट.

"कोण गं?"

"राँग नंबर."

"नाव घेऊन राँग नंबर?" मालक म्हणाले. मी पुढचा कागद मशीनवर ठेवला. पुढचे चार दिवस मला पाढे ऐकू येत होते. मशीनचा उजेड सरकला तरी दचकायचे.

शनिवारी दुपारी तो आला.

"एक झेरॉक्स काढायची हाय."

मी मान वर न करता हात पुढं केला. हातात कागद आला नाही. वर बघितलं. मिशी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"अक्का," तो म्हणाला.

"किती जण हायत?" मी विचारलं. सात वर्षांनी भेटलेल्या भावाला माझा पहिला प्रश्न हा होता.

"कुठं?"

"भाईर. कोपऱ्यावर. गाडीत. किती?"

"एकटाच हाय की गं. एसटीनं आलोय."

"इचलकरंजीत बी गरीबच दिसत हुतास."

त्याचा चेहरा पडला. पडू दे म्हटलं. मालकांना सांगितलं, "गावाकडचं पावणं आलंय, जरा सोडून येते." पर्स काखेत घट्ट धरली आणि त्याला घेऊन निघाले, घराच्या बरोबर उलट दिशेला. चालताना माझे डोळे प्रत्येक गाडीवर, प्रत्येक चहाच्या टपरीवर.

"मी मास्तर झालोय," तो म्हणाला. "शाळेत ते मासिक येतंय. पोरांस्नी वाचून दाखवत हुतो. हाताचं आलं आणि माझं वाचणंच थांबलं. पोरं म्हणाली, गुरुजी, फुडं? मग फोन केलता, पण बोलवंना."

"दोडप्पाला सांगिटलंस?"

"न्हाय. आईशप्पत न्हाय."

"अव्वाला?"

त्यानं खिशातली पेनं सारखी केली.

"अव्वाला सांगिटलं," तो म्हणाला. "रडली. म्हणाली, बघून ये."

अव्वा आणि दोडप्पा एकाच घरात राहतात, एकाच चुलीवरचं जेवतात. अव्वाच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज सांगितलं नसेल तर उद्या सांगेल, प्रेमानं सांगेल, पोरगी सुखात आहे म्हणून सांगेल.

"मला दाजींच्या पाया पडायचंय," तम्मा म्हणाला. "घर दाखव."

भर बाजारात, भर उन्हात मी थांबले. मागं रिक्षावाला हॉर्न बडवत होता.

"अक्का, दोडप्पानं मला दोन दिवस कोंडलं हुतं. पत्र घावलं त्यांस्नी. पट्ट्यानं मारलं. तवा दार दाखवलं मी."

"म्हाईत हाय."

"म्हाईत हाय?"

"त्या दिवशी तुझ्या पाठीला शर्ट चिकटलेला. मी बघिटलं हुतं."

तो रडायला लागला. बावीस वर्षांचा मास्तर, भाजीच्या हातगाडीजवळ, मुलासारखा. माझा हात त्याच्या पाठीकडं गेला आणि मी तो मागं घेतला. कारण रडणारा माणूस खरा असतो, पण त्याच्या मागं कोण येतंय ते त्यालाही माहीत नसतं.

"तम्मा, एक इचारते. खरं सांग. दोडप्पानं परत कोंडलं, परत मारलं, तर सांगशील?"

तो झटकन न्हाय म्हणाला असता तर मी काय केलं असतं, देव जाणे. बहुतेक घरी नेलं असतं. वेडीच आहे मी. पण त्यानं विचार केला. मिशीवरचं पाणी पुसलं, रस्त्याकडं बघितलं.

"म्हाईत न्हाय, अक्का," तो म्हणाला. "आता मी मोठा झालोय. पण त्यो समोर आला की अजून माझे पाय लटपटत्यात."

"मग तुला घर म्हाईतच नको."

त्यानं हट्ट केला नाही. मी त्याला रिक्षात घालून एसटी स्टँडवर नेलं, गडहिंग्लजच्या गाडीत बसवलं. तो खिडकीतून काहीतरी म्हणाला, ते इंजिनात बुडालं. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी खांबाआड उभी राहिले. त्याच्यासाठी नाही. त्याच्या मागोमाग चढलेलं कुणी परत उतरतंय का, कुणाचं लक्ष माझ्याकडं आहे का, ते बघायला.

तिथून तडक उद्यमनगर. कृष्णातनं लेथ बंद केला, हात पुसले आणि एकही प्रश्न विचारला नाही. सांगलीचं काम पक्कं झालं नव्हतं. तरी चार वाजता आम्ही दोन पिशव्या घेऊन सांगलीच्या गाडीत होतो. भांडी, गादी, शेगडी, सगळं खोलीत राहिलं.

गाडी शिरोलीच्या पुलावर आल्यावर त्यानं विचारलं, "आलता?"

"आलता."

"एकटा?"

"एकटाच हुता."

"मग पळतोय कशाला आपण?"

"त्यानं खोटं सांगिटलं न्हाय म्हणून," मी म्हणाले.

त्याला कळलं की नाही, कोण जाणे. त्यानं पिशवी मांडीवर ओढून घेतली. हातकणंगल्याला गाडी थांबली, दार उघडलं, आणि चढणाऱ्या प्रत्येकाचं तोंड मी नीट बघून घेतलं.