भैयालालचे धुतलेले पाय

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पुण्य गुरुवारच्या उपासनेत बारा जणांचे पाय धुतात, आणि आमच्या वैशाली नगरच्या चर्चच्या मंडळीतले ते बाराही जण घरूनच पाय धुऊन येतात. साबण लावून, टाचा घासून, वर पावडर मारून. येशूने शिष्यांचे धुळीने भरलेले पाय धुतले, त्याची आम्ही ही दशा केली. मला दरवर्षी किळस येते आणि दरवर्षी मी मागच्या बाकावर बसून ती गिळतो.

यंदा पास्टरांची कंबर धरली. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली. मग त्यांच्या जागी पाय कोण धुणार म्हणून रविवारी चिठ्ठ्या टाकल्या आणि नाव निघालं माझं, पुंडलिकचं. मी प्लांटमधला रिटायर फिटर. चारचौघांत कधी धड प्रार्थनाही केली नाही.

"मले नका सांगू जी. दुसरी चिठ्ठी काढा," मी म्हणालो.

"चिठ्ठी देवानं काढली, पुंडलिकभाऊ," पास्टर म्हणाले.

असलं गुळगुळीत बोलणं ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्यात बारा जणांच्या यादीत शेवटचं नाव भैयालालचं होतं.

माझा पोरगा गौरव ज्याच्या हाताखाली एका गोदामाच्या शेडवर पत्रे चढवत होता, तो सुपरवायझर म्हणजे हा भैयालाल. दोन वर्षांपूर्वी गौरव तिथून पडला आणि गेला. भैयालालने चौकशीत लिहून दिलं, पोराने सेफ्टी बेल्ट बांधलाच नव्हता, मस्ती करत होता. पोरगा गेला तो गेला, वर दोषही त्याच्याच माथी. माझी बायको भागाबाई तेव्हापासून चर्चमध्ये येत नाही. "माह्या पोरानं पट्टा बांधला होता," एवढंच ती भेटेल त्याला सांगते. लोक मान हलवतात आणि पुढे जातात.

चिठ्ठीचं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती.

"त्याचे पाय धुवाले जाता?"

"नाही जात," मी म्हणालो.

चार दिवस मी देवाला हेच सांगितलं, दुसऱ्या कोणाला पाठव. आवाज नाही, उजेड नाही, पण दात घासताना, स्कूटर पुसताना आतून एकच शब्द येत राहिला : जा. मी भांडलो. कावून मीच? मला देवाचाही राग आला. तरी गुरुवारी गेलो. त्याने बोलावलं आहे एवढंच माहीत होतं, कशाला ते नव्हतं.

अकरा जणांचे पाय झाले. पावडरीच्या वासाने डोकं उठलं. मग भैयालालने परातीत पाय ठेवला. कापलेली नखं, गुळगुळीत टाच, वर अत्तर. सडकी जखम असती तर मी खुशाल धुतली असती, हा स्वच्छ पाय हातात धरवेना. देवा, तू चुकीच्या माणसाला बोलावलंस, असं मनात म्हणालो आणि पाणी ओतलं.

तेवढ्यावर उठता आलं असतं. पण काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. टाच चोळली, बोटांच्या मधलं चोळलं. शिसारी तसूभरही कमी झाली नाही. तेवढ्यात तो खाली वाकला. वर पाहिलं तर भैयालालचं तोंड पांढरंफटक.

"सोडा, पुंडलिकभाऊ," तो पुटपुटला. "पोरानं पट्टा बांधला होता. पट्ट्याचा हुक लावायची दोरीच सडकी होती. मले माहीत होतं."

पाय धुऊन झाले असं वाटून पास्टरांनी गाणं सुरू करायला सांगितलं. पेटी वाजू लागली. भैयालाल पाय ओढायला लागला. मी त्याचा घोटा दोन्ही हातांनी आवळला.

"पेटी थांबवा!" मी ओरडलो. पेटी थांबली. "भैयालालभाऊ, आता बोलले ते मंडळीले ऐकू नाही गेलं. मोठ्यानं सांगा."

त्याने सगळं सांगेपर्यंत मी पाय सोडला नाही.