माझ्या पायथ्याचा नारळ

मी एक जुना खो-खोचा खांब आहे, मित्रांनो, आणि अगदी खरं सांगायचं तर भित्रा आहे. जामखेडच्या पुढच्या एका गावात, शाळेच्या मैदानात मी गाडलेला आहे. समोरून मुली जीव खाऊन धावत येतात आणि मला बाजूला होता येत नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही घाबरला असता.

मुळात मी कडुलिंबाचा. सुतारमामांनी मला रंधा मारून गोल केलं, मग काचकागदाने घासघासून गुळगुळीत केलं. "पोरींच्या हातात कुसळ जाता कामा नये," असं ते घासताना मलाच बजावत होते. पुढे कौतुक पुष्कळ झालं, पण भीती काही गेली नाही. कुणाचं कोपर सोललं, कुणाचं बोट पिरगळलं, कुणाच्या पोटरीत गोळा आला. दर वेळी वाटायचं, आता माझं नाव निघणार.

या सगळ्यांत ज्ञानेश्वरी माझी लाडकी. सूर मारताना तिच्या हाताचा तळवा माझ्यावर पडायचा, बाकीची ती हवेत, आणि समोरची मुलगी बाद! तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. तिलाही शाळा सोडवून बरोबर न्यायचं ठरलं होतं, पण तिची आजी दगडाबाई आडवी आली. "पोरगी खेळती तवर माझ्यापाशी ऱ्हाईल," ती म्हणाली. म्हणजे खेळ थांबला की शाळाही थांबणार. हे मला ठाऊक असल्याने ती धावत आली की माझा जीव टांगणीला लागायचा.

मागच्या वर्षी आमच्या मैदानावर तालुक्याचे सामने झाले. मला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. पाहुणे आप्पासाहेबांनी माझ्या पायथ्याशीच दगडावर नारळ फोडला आणि पाणी मातीत सांडलं. टाळ्या वाजल्या. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू! मग भाषणं सुरू झाली ती संपेनात. मुली उन्हात मांडी घालून बसल्या होत्या. शेवटी शिट्टी वाजली आणि आखडलेल्या अंगानेच त्या मैदानात उतरल्या.

ज्ञानेश्वरीला खो मिळाला. ती माझ्याकडे झेपावली, तिचा पाय नेमका त्या ओल्या जागी पडून सरकला आणि गुडघा आत वळला. आधी कट्ट असा आवाज आला, तिची किंकाळी त्यानंतर. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"ऊठ, ऊठ, दोन पावलं चाल, मोकळं हुईल," खेळाचे सर म्हणाले. ती कसली उठते! गुडघा डोळ्यांदेखत सुजत होता. तेवढ्यात आजीने मोनिकाला हाताला धरून पुढे ओढलं. मोनिका ज्ञानेश्वरीची मैत्रीण, आणि पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आलेले. आमच्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. मोनिकाच्या दारात अशी माणसं सारखी येतात.

"लाव गं पाय. दाबून लाव, उतरंल," आजी म्हणाली.

मोनिकाने पाय उचलला. मित्रांनो, मला कापरं भरलं. त्या सुजल्या गुडघ्यावर आता भार पडणार, आणि मी हातभर अंतरावर मुका! सगळं गाव बघत होतं. तिने तो परत जमिनीवर ठेवला.

"न्हाई, आजी. ही उसण न्हाई. आत कायतरी तुटलंय, मी ऐकलंय. मला भ्या वाटतंय."

"अगं, साऱ्या गावाला लावतीस की!"

"हिला न्हाई लावनार."

लोक तिला नाही नाही ते बोलले. ती रडत रसवंतीवर पळाली आणि टॉवेलात बर्फ बांधून घेऊन आली. मग गुडघा न हलवता ज्ञानेश्वरीला जीपमध्ये घालून नगरला नेलं. लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. कुणी त्यावर पाय दिला असता, तर उरलेलंही गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

ऊसतोडीला निघताना तिचे वडील माझ्याजवळ येऊन थांबले. "औंदा ऱ्हा. पुढच्या साली खेळली न्हाईस तर संगं यायचं," ते तिला म्हणाले. भीती त्यांनाही वाटत होती.

नगरच्या दवाखान्यातल्या सविताताईंनी तिला व्यायाम शिकवले. ते ती माझ्यापाशी येऊन करायची. मला धरून एका पायावर उभी राहायची. सायकलची जुनी ट्यूब मला बांधून पायाने ओढायची. आधी चालणं, मग लहान उड्या, मग सरळ धावणं, आणि वळणं सगळ्यात शेवटी. मधेच मोनिकाला म्हणायची, "आज पळून बघू का गं?" "ताईंना इचारल्याबिगर न्हाई," मोनिका दटावायची. महिने गेले.

यंदा ताईंनी खेळायला हो म्हटलं आणि सामने पुन्हा आमच्याकडेच आले. हार आला, हळदकुंकू आलं, आणि हातात नारळ घेऊन आप्पासाहेब माझ्या पायथ्याशी वाकले. मी गर्भगळीत झालो.

"आप्पा, नारळ तिकडं फोडा, फाटकापाशी," ज्ञानेश्वरी पुढे होऊन म्हणाली. "हितं आमाला पळायचंय."

आप्पासाहेबांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि ते फाटकाकडे गेले. भाषणं झाली, पण मुली बसल्या नाहीत. मांडवामागे धावून, वाकून त्यांनी अंग मोकळं केलं. वक्ते चिडले, चिडोत!

मग ती धावत आली. फाटकापाशी तिचे वडील उभे होते. माझी तर शुद्ध हरपायची वेळ आली. तळवा पडला, ती हवेत गेली, कोरड्या मातीवर उतरली आणि उठून उभी राहिली. कट्ट झालं नाही.

"ऱ्हाऊ दे तिला हितंच," वडील आजीला म्हणाले.

संध्याकाळी ती माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "भ्यालास व्हय रं? मी बी भ्याले हुते."

मित्रांनो, मला हार घाला, नाही म्हणत नाही. फक्त माझा पायथा कोरडा ठेवा आणि अंग मोकळं करून खेळायला या. दुखलं तर दुखलं म्हणा. आणि भीती वाटली, तर सगळं गाव बघत असलं तरी भीती वाटते म्हणा. मोनिका तसं म्हणाली, म्हणून ज्ञानेश्वरीचा तळवा आजही माझ्यावर पडतो.